माडाला घातलेलं मीठ

"वयनी, पोटरी दिसल्याबिगर डबो उघडू नको हां!" रिक्षात एक पाय ठेवून वसंताने मला बजावलं. वसंता माझा धाकटा दीर. तपासणीसाठी लेकीकडे कुडाळला निघाला होता, चार पावलांत धाप लागत होती, तरी काळजी कसली, तर भाताला घालायच्या युरियाच्या डब्याची. "उघडून काय खातलंय मी युरिया?" मी म्हटलं. तो हसला, खोकला... आणि रिक्षा वळणाआड गेली. चौथ्या दिवशी त्याच्या लेकीचा फोन आला, वसंता गेला. मी अळूची देठं सोलत होते. फोन ठेवला आणि उरलेली देठंही सोलून टाकली. हातांना दुसरं काही सुचेना.

आमचे हे मुंबईला नोकरीत, त्यामुळे इथली शेती वसंताची आणि माझी. खूप वर्षांपूर्वी तो कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आला आणि म्हणाला, भरडावर भात करायचं. भरड म्हणजे उंचावरची जमीन, जिथे पाणी घटकाभर थांबत नाही. रोपांचा तरवा नाही, चिखल नाही, लावणी नाही, कोरड्या मातीत ओळीने बी टोकायचं. गाव हसलं. मीही हसले. मी तेव्हा तिशीची, आणि तालुक्यातली अर्धी अक्कल माझ्याच डोक्यात आहे, अशी माझी खात्री. युरिया तो तीन हप्त्यांत द्यायचा. तणाची बेणणी झाल्यावर एक, फुटवे धरताना दुसरा आणि कणीस पोटात धरलं, म्हणजे पोटरीत, तिसरा. मापाला नारळाची करटी, आत खिळ्याने ओढलेली रेघ. "हय पाणी थांबणा नाय, नत्र पण थांबणा नाय," तो सांगायचा. "रोपाक भूक लागता तेवाच वाढूचा. एकदम वाढलंस तर बाकीचा पावस घेवन जातलो."

पण खालच्या चिखलातलं शेजारणीचं भात हिरवंगार आणि आमचं पिवळट! बांधावरून ती विचारी, "तुमच्या भाताक कावीळ झाली काय गो?" त्यात चतुर्थीनंतर वसंताने आजूबाजूच्या गावचे शेतकरी पाहायला बोलावलेले. त्यांच्यापुढे हे फिकट पोर उभं करायचं? पहिला हप्ता देऊन वसंता सावंतवाडीच्या बाजाराला गेला, तशी मी भर दुपारी उरलेले दोन्ही हप्ते एकदमच उधळून आले. करटी कशाला, सुपाने! डबा हलका लागू नये म्हणून त्यात खडे मीठ ओतलं आणि वर दोन मुठी युरिया पसरला. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश, की घरी येऊन पुन्हा वेणी घातली, अबोली माळून.

आठ-दहा दिवसांत भात काळंशार झालं. शेजारणीच्या बांधावरून मी विनाकारण चार खेपा घातल्या. मग पानांवर करप्याचे ठिपके आले, आणि एका वादळी सरीत सगळं आडवं. म्हैस लोळून गेल्यासारखं. ठरल्या दिवशी शेतकरी आले. मी चहाचं तबक घेऊन उभी. वसंताने एकदा भाताकडे पाहिलं, एकदा तबकाकडे... "मिया चुकलंय," तो त्यांना म्हणाला. "माझा माप चुकला." लोक गालात हसत चहा पिऊन गेले. त्यांतल्या एकानेही भरडावर बी टोकलं नाही. पुढे किती वर्षं तो एकटाच टोकत राहिला. आणि मी? मी कपबश्या विसळल्या.

दोन दिवसांनी जेवताना म्हणाला, "घरामागच्या माडाक यंदा मीठ घातलंय." माझ्या हातातली डाव आमटीतच राहिली. "बरा केलंस," मी म्हटलं. झालं, एवढंच बोलणं. पुढच्या वर्षी नव्या युरियाचा डबा त्याने माझ्याच माजघरात आणून ठेवला. "तुझ्याकडेच रवांदे." चोराच्या हाती डबा! तेव्हापासून दर पावसाळ्यात तो म्हणायचा, डबो उघडू नको, आणि थांबायचा. मी काही बोलेन म्हणून असेल. मी दर वेळी थट्टा करून मोकळी व्हायचे. रिक्षापाशीसुद्धा.

म्हणून आता लिहिते. तेव्हा पाहायला आलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर वसंताचं माप बरोबर होतं. हात माझा होता.

यंदा सुतकामुळे घरात गणपती आला नाही. बारावं आटोपलं आणि दुसऱ्या सकाळी मी भरडावर गेले. पोटरी दिसत होती. आधीचे दोन्ही हप्ते त्याच्या हातचे. डबा उघडला, तर करटी वरच पालथी ठेवलेली. ती भरली आणि सवयीने ओरडले, "वसंता, एक मूठ वाडव काय रे?" यावर तो वर न बघता म्हणायचा, "नको गो, वयनी."

रेघेच्या वर गेलेले दाणे बोटाने परत डब्यात सारले आणि पहिली ओळ धरली.