करड्या कोटावरचं बोट

गल्लीत तिला सगळे चिंधीताई म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता. चिंध्या विकूनच तर खोलीचं भाडं निघत होतं. जुने कोट, फुलाफुलांचे झगे, कुणाच्या तरी आजीचे हातमोजे असं काहीबाही ती भंगारवाल्याकडून उचलायची, धुवायची, रफू करायची आणि फोटो काढून ऑनलाइन विकायला टाकायची.

दाराला मात्र दोन कड्या होत्या, नवऱ्यापायी. जेवण गार वाढलं म्हणून त्या मेल्यानं तिचं बोट दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं. हाड वाकडंच जुळलं. मग ती नेसत्या कपड्यांनिशी निघाली. नाव बदललं, नंबर बदलला, दुकानाच्या पानावर तोंड कधी दाखवलं नाही. हा माणूस आता पुन्हा दारात दिसू नये, एवढंच मागणं होतं तिचं.

पण या धंद्याची एक रीत आहे. दोष लपवायचा नाही. डाग, कसरीनं खाल्लेली जागा, सगळ्याचा जवळून फोटो, आणि गिऱ्हाइकाला नीट कळावं म्हणून तिथं बोट ठेवायचं. एवढी सावध बाई, पण इथं चुकली. करड्या लोकरी कोटाचं भोक दाखवताना तिनं तेच बोट ठेवलं. नवऱ्याला तिचं जुन्या कपड्यांचं वेड ठाऊक होतं. फोनवर असली दुकानं तो धुंडाळतच होता. स्वतः मोडलेलं बोट ओळखायला त्याला कितीसा वेळ लागणार? त्यानं मित्राच्या नावावर कोट मागवला. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतोच.

भरदुपारी ती कपड्यांना इस्त्री करत होती, तेवढ्यात दार वाजलं. कुरिअरवाला आला असेल म्हणून तिनं दोन्ही कड्या काढल्या.

"कोट परत करायचाय," नवरा म्हणाला आणि खांद्यानं दार आत लोटलं.

पहिल्या फटक्यात तिचा ओठ फाटला. केस धरून त्यानं तिला कपड्यांच्या स्टँडवर आपटलं, पोटात लाथ घातली. "माझ्या तावडीतून सुटशील होय गं?" असं म्हणत तो गळा आवळायला वाकला. तिचा हात टेबलावर चाचपडला आणि तापलेली इस्त्री हाताला लागली. ती तिनं थेट त्याच्या गालावर दाबली. तो किंचाळत मागे पडला तशी ही उठली. मग तीच इस्त्री गुडघ्यावर घातली, मनगटावर घातली, बरगडीत घातली. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडत होतं आणि तिला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोला.

"मारू नकोस, पाया पडतो," तो रडत म्हणाला. तिनं ऐकलं आणि आणखी एक घातली.

आरडाओरडा ऐकून शेजारच्या मावशी धावत आल्या. "अगं, मेला तर जेलात तू जाशील," त्या दारातूनच म्हणाल्या.

उगारलेला हात थांबला. याच्यापायी पुन्हा कोंडून घ्यायचं? छट्. तिनं इस्त्री खाली ठेवली, मावशींना पोलिसांना फोन करायला सांगितलं आणि बाहेर येऊन दोन्ही हातांनी दार ओढून धरलं. आतून तो दार ठोठावत राहिला.