उजवा हात, कायमचा निकामी

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं आत वळलेली आहेत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं शाबूत आहे. कुणी विचारलं तर मी 'लहानपणी हातावर फरशी पडली' असं सांगते, आणि ते खोटं नाही. पण फरशीनं जे केलं होतं ते दुरुस्त होण्यासारखं होतं. पुढचं मी केलं, आमच्याच घरात, भर दुपारी, पालिकेच्या माणसासमोर. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण ऐकणारा आधी हसेल आणि मग मला धीर द्यायला लागेल. मला दोन्हींची चीड येते.

सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. नागपुरात महालाच्या मागच्या अंगाला आमची विणकरांची गल्ली होती. घरोघरी हातमाग. आमच्याकडे एक माग, त्यावर बाबा बसायचे. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची जी बारकी नळी बसते तिला कांडी म्हणतात. ती चरख्यावर भरून द्यायची हे बायकापोरींचं काम. उजव्या हातानं चरखा फिरवायचा आणि डाव्या हातानं धागा सांभाळायचा. मी सहा वर्षांची असताना बाबांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती तुटलेल्या धाग्याला गाठ मारायची. अक्षरं नंतर आली आणि सहावीनंतर सुटलीही. आमची माय म्हणायची, तुटला धागा अन् उतू जाणारं दूध टाकून उठू नये.

गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता आणि त्याला लागून फरश्यांनी झाकलेली नाली. पालिकेच्या माणसांनी नाली साफ करायला दोन फरश्या उचलल्या, नळाच्या ओट्याला टेकवून उभ्या केल्या आणि निघून गेले. चार दिवस फरश्या तशाच उभ्या होत्या. येणारीजाणारी प्रत्येक बाई म्हणायची, कुणाच्या तरी अंगावर पडणार वं हे. पाचव्या दिवशी माझ्या हातावर पडली. मी चौदा वर्षांची होते. पाण्याचा पितळी गुंड नळाखाली धरला होता, तो चेपला आणि गुंडावरचा हातही चेपला.

सरकारी दवाखान्यात हात वाचवला. बोटं मात्र दिवसेंदिवस आत वळायला लागली. तिथं सांगितलं, जगायला एवढा हात पुष्कळ झाला. बाबांचं समाधान होईना. कुणीतरी सांगितलं म्हणून ते मला रामदासपेठेतल्या हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी एकेक बोट हळूच उघडून पाहिलं. मी ओरडले, तसे ते खूश झाले. म्हणाले, "बोटं मेलेली नाहीत, आखडलेली आहेत. एका ऑपरेशनने उघडतील. पण वर्षाच्या आत करायला हवं. सांधे एकदा धरले की मग मी काही करू शकणार नाही." ऑपरेशनचा खर्च त्यांनी सांगितला. माग विकला असता तरी तेवढे आले नसते. डॉक्टरांनीच विचारलं, "फरशी पालिकेची होती ना? मग भरपाई मागा."

म्हणजे गोष्ट एवढीच होती. वर्षाच्या आत भरपाई मिळाली तर माझी बोटं उघडणार होती.

कचेरीबाहेर लोखंडी पेटीवर कागद पसरून एक अर्जनवीस बसायचा. बाबा मला घेऊन त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्यानं विचारलं, पोरीले काय काय करता येते? बाबा भाबडे. त्यांनी खरं सांगितलं.

"अंगठा चालते जी. हे एक बोटबी चालते. ऑपरेशन केलं तं बाकीचेबी उघडतीन म्हणे."

अर्जनवीसानं पेन खाली ठेवलं. "हे सांगाले जाता का तुम्ही म्युन्शिपालटीले? बरा होते म्हणसान तं ते म्हणतीन, मंग नुकसान काहाचं? थोड्याशा निकामी हाताले भरपाई नसते, भाऊ. पुरा निकामी पाहिजे."

आणि त्यानं लिहिलं, मोठ्यानं वाचूनही दाखवलं: 'मुलीचा उजवा हात कायमचा निकामी झाला असून ती कोणत्याही कामास लायक राहिलेली नाही.' वाचताना त्याचा सूर गोड होता. आजूबाजूचे लोक वळून माझ्याकडे पाहायला लागले. मला एवढी लाज वाटली की फरशी पडली तेव्हाचं दुखणं परवडलं असतं. उठताना त्यानं बाबांना बजावलं, "चौकशी होयेपर्यंत पोरगी काम करताना कोणाले दिसली नाही पाहिजे."

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. आमचे सहा उलटले, आठही झाले. बाबा पालिकेत चकरा मारायचे. आज साहेब दौऱ्यावर आहेत, आज फाइल दुसऱ्या टेबलावर आहे. आणि मी घराच्या दारात बसून. आमच्या गल्लीत आजारी म्हातारीसुद्धा पडल्या पडल्या सूत सोडवते. तिथं चौदा वर्षांची धडधाकट पोर मांडीवर हात ठेवून दिवसभर बसलेली. समोरची काकू येताजाता म्हणायची, "राणीसाहेब, चहा झाला का वं?" ती थट्टाच करायची, तिच्या मनात काही नव्हतं. पण मी तिच्या अंगावर लोटाभर पाणी फेकलं होतं एकदा, तेही उजव्या हातानं, आणि बाबांनी मला आत ओढून नेलं ते पाणी फेकलं म्हणून नाही, उजव्या हातानं फेकलं म्हणून.

मायचे हाल पाहवत नव्हते. स्वयंपाक, पाणी, धाकट्या भावाचं आवरणं, आणि वर बाबांना पुरतील एवढ्या कांड्या. कांड्या संपल्या की माग थांबायचा. माग थांबला की बाबा नुसते खोकायचे. एका दुपारी मी मागच्या खोलीचं दार लावून चरखा पुढ्यात ओढला. वळलेली तीन बोटं चरख्याच्या दांड्यावर आकड्यासारखी बसली. पहिल्या दिवशी धागा शंभरदा तुटला असेल. गाठ मारायची तर एका टोकाला अंगठा आणि बोट, दुसऱ्याला डावा हात, आणि ओढायला दात. आठवडाभर ओठ सोलून निघाले. महिन्याभरानं मी मायच्या बरोबरीनं भरायला लागले, आणि पुढं तिच्याहून जास्त.

मायनं दार लावलेलं पाहिलं आणि ती काही बोलली नाही. बाबांनाही कळलं होतं. माय कांडी सैल भरायची, माझी घट्ट असायची, आणि धोट्यात टाकता टाकताच विणकराला ते कळतं. तेही बोलले नाहीत. कामाचा खोळंबा कुणालाच परवडत नव्हता. अर्जात मी निकामी होते आणि मागच्या खोलीत घर चालवत होते. त्या खोलीत मला जेवढं सुख होतं तेवढं मग कधी झालं नाही, हेही इथंच सांगून टाकते.

दहाव्या महिन्यात पालिकेतून निरोप आला, चौकशीला साहेब घरी येतील. बाबांनी मला समोर बसवलं. "चरखा फिरवून दाखव म्हणतीन. तू फिरवजो, धागा तोडजो, अन् तशीच बसून राहाजो. समजलं?" मी म्हटलं, समजलं. आम्ही तीन-चारदा करूनही पाहिलं. जुनं, टाकाऊ सूत लावलं. मी धागा तोडायची आणि तुटलेलं टोक लोंबत ठेवून जमिनीकडं पाहायची. बाबा म्हणाले, बरोबर. माय तोंडाला पदर लावून आत गेली. ती हसत होती की रडत होती ते मी पाहायला गेले नाही.

साहेब म्हणजे एक साधा पन्नाशीचा माणूस निघाला. खांद्याला कापडी पिशवी, घामाघूम झालेला. पाणी मागितलं, ते पिऊन मायला म्हणाला, बरं वाटलं बाई. मी मनात त्याला दहा महिने शिव्या घालत होते. समोर आला तर शिवी घालण्याजोगं त्याच्यात काहीच नव्हतं. त्यानं माझा हात पाहिला, चुकचुकला, वहीत काहीतरी लिहिलं. मग मला म्हणाला, "चरख्यावर बस बरं, बाई."

तो सांगूनच आला होता, पण दिवस सांगून आला नव्हता. चरख्यावर टाकाऊ सूत नव्हतं. व्यापाऱ्यानं लग्नसराईच्या लुगड्यासाठी दिलेलं बारीक, तलम सूत होतं, आणि त्यातली वीतभर नासाडी झाली तरी बाबांना ऐकून घ्यावं लागायचं. मी दांडा फिरवला. मुद्दाम झटका दिला. धागा तुटला, टोक हवेत उडालं.

आणि मी ते पकडलं.

मी ठरवून केलं नाही. दोन टोकं जवळ आली, दात लागले, गाठ बसली, चरखा फिरायला लागला. एवढं सगळं व्हायला श्वास घ्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मागावर बाबांचे पाय थांबले. साहेबानं वहीतून मान वर केली.

"पुन्हा कर," तो म्हणाला.

बाबा उठून आले. "सवय आहे साहेब. लहानपणापासूनची सवय आहे. हात निकामीच आहे, पण सवय राह्यते ना."

"सवय राहिली म्हणजे काम झालं की हो," साहेब म्हणाला. तो वाकड्यात शिरून बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. मग त्यानं मला विचारलं, "दिवसाच्या किती कांड्या भरतेस गं?"

इथंसुद्धा वाचता आलं असतं. बाबा माझ्याकडं पाहत होते, मान हलवत होते. पण दहा महिने माझ्याबद्दल मला कुणी काही विचारलं नव्हतं. जो तो माझ्या हाताबद्दल विचारायचा. मी किती काम करते असं विचारणारा हा पहिलाच माणूस.

"साठ," मी म्हटलं. "मायहून जास्त."

साहेब म्हणाला, "शाब्बास." आणि वहीत लिहिलं.

पत्र पंधरा दिवसांनी आलं. बाबांनी दोनदा वाचलं. 'अर्जदाराची मुलगी घरचा धंदा व्यवस्थित करीत असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आल्याने भरपाईची मागणी अमान्य करण्यात येत आहे.' समोरची काकू मायला म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय." माय तिच्याशी पुढं कितीतरी दिवस बोलली नाही. मी मार खायच्या तयारीनं बसले होते. मारलं असतं तर सोपं गेलं असतं. बाबांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "गाठ मीच शिकोली होती तुले." मग मागावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुताची टोपली माझ्यासमोर आली, दारात, उजेडात. आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी कांड्या भरायला बसले आणि मला हलकं वाटलं. चक्क आनंद झाला. बोटं गेली आणि मला आनंद झाला, याची शरम मला नंतर वाटायला लागली, त्या सकाळी नाही.

बाबांनी पुन्हा अर्ज केला. अर्जनवीसानं, ज्यानं निकामी लिहिलं होतं त्यानंच, या वेळी ऑपरेशनचं लिहिलं. त्याचं उत्तरच आलं नाही. बाबांनी नातेवाइकांकडं शब्द टाकून पाहिला. दोघांनी पुढच्या हंगामाचा वायदा केला, तिसऱ्यानं तोही केला नाही. वर्ष उलटलं. वर्षावर तीन महिने झाल्यावर कशाच्या जोरावर कोण जाणे, बाबा मला पुन्हा रामदासपेठेत घेऊन गेले. त्याच डॉक्टरांनी तीच बोटं उघडायचा प्रयत्न केला. या वेळी मी ओरडले नाही, कारण दुखलं नाही. डॉक्टरांनी हात माझ्या मांडीवर परत ठेवला आणि बाबांना म्हणाले, "उशीर झाला हो."

बाबा टोपी हातात फिरवत उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "साहेब, हे बोटं आणखी वळतीन तरी इले गाठ मारता येईन ना? तेवढं तं राहीन?"

डॉक्टरांनी माझा अंगठा आणि बोट हलवून पाहिलं. म्हणाले, "येईल. तेवढं राहील."

बाबांनी त्यांना हात जोडले. त्यांना बरं वाटलं, मी पाहिलं. अख्ख्या वर्षात त्यांच्या तोंडावर मी तेवढं समाधान पाहिलं नव्हतं. पालिकेचा राग मला केव्हाच सोडून गेला, त्या साहेबाचा तर कधी आलाच नाही. पण बाबांना त्या क्षणी बरं वाटलं याचा जो राग आला तो आहे अजून. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी आहे.