पहिल्या शनिवारची फेरी

साळवे गेल्याची बातमी मी सोसायटीच्या फळ्यावर वाचली. अक्षर त्यांचं नव्हतं, म्हणूनच ती खरी वाटली. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी सॅम्युएल साळवे खडू दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. 'जिन्यात सायकली ठेवणाऱ्यांनी थोडी लाज बाळगावी' अशा सूचना ते टपोऱ्या अक्षरांत लिहीत आणि खाली झोकात सही करत. झोपेतच गेले म्हणे... आयुष्यभर आवाज चढवून बोललेला माणूस इतका गुपचूप कसा गेला, याचं मला अजून नवल वाटतं.

ब्याण्णव साली आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा रेल्वेही तिथवर पोचली नव्हती. साळवे नगरकडचे, मराठी ख्रिस्ती. ते तिसऱ्या मजल्यावर, मी बरोबर त्यांच्या डोक्यावर. आमच्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या शर्टांवर ठिबकलं, तेव्हा ते असे काही ओरडले की समोरच्या इमारतीतल्या लोकांनीही आपापल्या कुंड्या आत घेतल्या. पुढे महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात साळवे, इस्त्रीच्या शर्टात. "परवा बोललो ते जास्त झालं. माफ करा." मी म्हटलं, "अहो, कुंड्या आमच्याच होत्या." तर म्हणाले, "कुंड्या तर आत घ्याच. मी माझ्या आवाजाचं बोलतोय."

नंतर कळलं, ही दर महिन्याची फेरी. पहिल्या रविवारी त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजन असे. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. देव पवित्र आहे, त्याच्या मेजाशी भांडण घेऊन जायचं नाही, हा साळव्यांचा दंडक. म्हणून महिनाभरात ज्यांच्यावर खेकसले असतील त्यांची दारं ते आदल्या संध्याकाळी वाजवत येत. शेवटचं दार माझं, कारण तिथे चहा मिळे. बिऱ्हाडांना सवयच झाली होती. "काय हो साळवेकाका, या महिन्यात आमच्याकडे नाही आलात?" तळमजल्यावरच्या जोशीबाई जराशा रुसूनच विचारत. "तुम्ही कारणच दिलं नाहीत हो. पुढच्या महिन्यात बघू!" मला धर्मातल्या थाटामाटाचं वावडं. आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला देवाआधी लाउडस्पीकर येतो. पण इथे थाट काहीच नव्हता, आणि मला कोडं पडे... एवढा पवित्र देव, आणि त्याच्याकडे जायचा रस्ता जोशीबाईंच्या दारावरून?

मग सावंतांचं प्रकरण झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या सावंतांनी पाण्याच्या लाइनला चोरून पंप लावला होता. वरच्या मजल्यांवर नळ नुसते सुस्कारे टाकत. भर मीटिंगमध्ये, सावंतांच्या बायको-मुलीसमोर, साळवे त्यांना 'चोर' म्हणाले. पहिल्या शनिवारी माफी मागायला गेले, तर दार उघडेना. दाराच्या भिंगामागे आतून सावली आली, थांबली, गेली. पुढच्या महिन्यातही तेच. त्या रविवारपासून साळवे उपासनेला जात, पण भाकर आणि प्याला न घेता मागच्या बाकावर बसून राहत. मी चिडून म्हटलं, "अहो, पंप आहे ना त्याच्याकडे?" "आहे. पंप त्याचा, जीभ माझी."  पण माणूस आतून वाळत चालला होता. फळ्यावरच्या सूचनासुद्धा सौम्य झाल्या. 'कृपया' वाचून लोकांना काळजी वाटू लागली.

असे बरेच महिने गेल्यावर एका रविवारी ते मला म्हणाले, "चला, आमचं प्रभुभोजन बघायचंय ना तुम्हाला?" त्यांची मंडळी एका शाळेच्या वर्गात भरे. फळ्यावर कुणीतरी अर्धवट सोडलेलं गणित, मास्तरांच्या टेबलावर पांढरं कापड. साळवे उठले, पुढे गेले. भाकरीचा तुकडा खाल्ला आणि पाळकांनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, पुढे केलेला प्याला दोन्ही हातांनी धरला. येताना मी विचारलं, "काल सावंतांनी दार उघडलं वाटतं?" "छे!" थोडं चालल्यावर म्हणाले, "आमचे पाळक मागे म्हणाले होते, आंघोळीला कुणी आधी स्वच्छ होऊन जातं का? तेव्हा राग आला मला. काल त्या दारापुढे उभा असताना कळलं... मी सावंतांच्या माफीनं शुद्ध होऊन देवापुढे जायला बघत होतो. मग देवानं काय करायचं?" मला ते सगळं पटलं असं नाही. पण हे म्हणणारा माणूस पुढच्या शनिवारी पुन्हा सावंतांची बेल वाजवायला गेला. आता तर गरजही नव्हती, आणि तरी गेला. शेवटपर्यंत जात राहिला. ही गोष्ट मला अजून सुटत नाही.

परवा, ते गेल्यानंतरचा पहिला शनिवार आला. संध्याकाळी चहासाठी नळ सोडला, तर पाणी एवढ्या जोरात आलं की पातेलं हातातून निसटता निसटता राहिलं. ते तसंच ओट्यावर ठेवून खाली गेलो. दुसऱ्या मजल्यावर सावंतांच्या दाराबाहेर पंप काढून ठेवला होता, पाइपासकट. दार सताड उघडं. सावंत आत खुर्चीवर, दाराकडे तोंड करून बसलेले.

"आज पहिला शनिवार ना?" ते म्हणाले.

"हो."

 मी वर आलो. बघतो तर पातेल्यात पाणी दोन कपांचं... सवयीनं. जिन्यात जाऊन, कठड्यावरून वाकून सावंतांना हाक मारली. आवाज जरा चढलाच.