काकांचं एक मत

आमच्या वाचनालयाच्या कार्यालयात सगळ्यात जास्त हाका काकांना पडायच्या. "काका, प्रिंटर रुसलाय." "काका, माझी फाईल गेली." खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर लावलेले काका शांतपणे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "जाईल कुठं? बसली असेल कोपऱ्यात." फाईल सापडायचीच. संगणक सांभाळणं हे त्यांचं काम. मी शेजारच्या टेबलावर सभासदांची नोंदणी बघायचे, त्यामुळे त्यांची धावपळ मला दिवसभर दिसायची.

मग ते दारांना धडकायला लागले. कधी कपाटाचं उघडं दार, कधी पुस्तकांची ढकलगाडी. "दारानं जागा बदललेली दिसतेय," असं म्हणून ते कपाळ चोळायचे आणि आम्ही हसायचो. खरं कारण फक्त काकूंना ठाऊक होतं. काकांची नजर कडेकडेनं विझत चालली होती. समोरचं अजून दिसत होतं, पण तेही जाणार आणि त्यावर औषध नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. कार्यालयात सांगून टाका म्हणून काकू मागे लागल्या होत्या. काका नुसते हं हं करत.

त्याच सुमारास आमचे सगळे संगणक लिनक्स या मोफत, हलक्या प्रणालीवर न्यायचं ठरलं. यंत्रं जुनी झाली होती, आधीची प्रणाली त्यांना पेलेनाशी झाली होती. काका घरी कित्येक वर्षं लिनक्सच वापरत. प्रश्न उरला तो पत्रं, तक्ते आणि अहवाल करायच्या सॉफ्टवेअरचा.

"काका, तुम्ही चार बघा, चांगली वाटतील ती सगळ्यांना वापरून बघू द्या," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "पण ठरेल ते सगळ्यांना एकच. नाहीतर एकाची फाईल दुसऱ्याकडे उघडायची नाही."

काकांनी दोन निवडली आणि प्रत्येकाच्या संगणकावर दोन्ही टाकली. पहिलं अगदी जुन्यासारखं दिसायचं. बटणं ओळखीच्या जागी, बाहेरून आलेली फाईल होती तशी उघडायची. दुसरं ओबडधोबड. पानाचा साधा समास बदलायचा तर तीन ठिकाणी हात घालायचा. दोन दिवसांत आम्ही सगळे पहिल्याकडे वळलो. हिशेबनीस तर म्हणाले, "दुसरं सासुरवाडीसारखं आहे. सगळं आहे, पण मागायची चोरी."

काका मात्र दुसऱ्यातच रमलेले दिसायचे. कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून बसायचे आणि बोटं तेवढी कळफलकावर चालायची. मला वाटायचं, गाणी ऐकतायत.

बैठकीत बाईंनी एकेकाला विचारलं. सगळ्यांनी पहिल्याला पसंती दिली. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, तुमचं काय मत?"

काका टेबलाची कड बोटांनी चाचपत राहिले. मग म्हणाले, "ज्यांना वापरायचंय त्यांनी ठरवलंय. पहिलंच घेऊ."

त्या संध्याकाळी घरी काय झालं, ते मला काकूंनी फार नंतर सांगितलं. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम काका शिकत होते. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो घडाघडा बोलायचा. पहिल्यात गेलं की त्याची दातखीळ बसायची.

"मग बोलला का नाहीत?" काकूंनी विचारलं.

"सगळ्यांचे हात एका माणसासाठी कशाला अडकवायचे?"

"अहो, तो एक माणूस तुम्ही आहात."

काका जेवले आणि लवकर झोपले.

पुढच्या वर्षी त्यांना समोरचंही दिसेनासं झालं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ग्रंथपाल बाईंनी त्यांना कामावर ठेवलं, आणि काका आपल्या संगणकावर ते दुसरं सॉफ्टवेअर ऐकत काम करू लागले. पण त्यांची फाईल आमच्याकडे आली की तक्त्यांचे रकाने सरकायचे, मथळे पानाच्या तळाशी जाऊन बसायचे. वार्षिक अहवालातलं त्यांचं प्रकरण आम्ही आळीपाळीनं गुपचूप नीट करत होतो.

एक दिवस हिशेबनीस सहज बोलून गेले, "काकांची फाईल आली. चला, बसा आता जुळवत." काका दारातच उभे होते. हिशेबनिसांचा चेहरा पडला.

"किती दिवस जुळवताय?" काकांनी विचारलं. आवाज नेहमीसारखाच होता.

बाई धावत आल्या. "काका, आपण सगळेच दुसरं घेऊ. आजच्या आज."

"नको," काका म्हणाले. "सगळी कामं त्या पहिल्यात झालीयत. आता बदललंत तर रोज सगळे अडाल, आणि मी रोज ते ऐकेन."

महिनाअखेरीला त्यांनी काम सोडलं. बसस्टॉपपर्यंत मी सोबत गेले. न राहवून विचारलं, "काका, त्या बैठकीत सांगितलं असतंत, तर आम्ही नाही म्हणालो असतो का?"

"नसता म्हणाला," काका म्हणाले. "तेच नको होतं गं. मी आत आलो की सगळ्यांचे आवाज मऊ झाले असते. अजून वर्षभर मला नुसता काका राहायचं होतं." बस आली, तेव्हा चढायचा दांडा सापडेना म्हणून त्यांनी माझा हात धरला.

नंतर एकदा मी त्यांच्या घरी गेले. संगणकाचा पडदा त्यांनी शेजाऱ्यांना देऊन टाकला होता. टेबलावर फक्त कळफलक आणि स्पीकर. मी सांगितलं की पहिल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलीय आणि ती बोलते.

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "टाकून बघितली. चांगली बोलते." मग थोड्या वेळानं, "माझ्या टेबलावर कोण बसतं?"

"कोणी नाही. खोकी ठेवलीयत."

त्यांनी मान हलवली.

निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. "त्या सॉफ्टवेअरचा विषय काढला की उठून जायला यांना एकदम गॅसवरचं दूध आठवतं," त्या हळूच म्हणाल्या. "बघ, तू निघालीस आणि स्वयंपाकघरात गेलेत." आतून भांड्यांचा आवाज येत होता. "एकटेच गॅस पेटवतील," म्हणत काकू दार लोटून घाईघाईनं आत गेल्या.