प्रीतिभोजनातली माझी आरोळी

इतिहासाच्या एम.ए.त मी एकाच पेपरात दोनदा नापास झालो आणि दोन्ही वेळा मला एकाच प्रश्नानं पाडलं: आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचा उगम आणि प्रसार कसा झाला?

पहिल्या वेळी मी बेधडक लिहिलं की राजाश्रयामुळे झाला. गाईडात कुठल्याही धर्माच्या प्रसाराचं पहिलं कारण तेच असतं, म्हणून इथंही असणार, असा माझा हिशेब. नंतर कळलं की सुरुवातीची दोन-तीनशे वर्षं रोमचे राजे या लोकांना आश्रय देत नव्हते, सिंहापुढं टाकत होते. दुसऱ्या वेळी मी सावध होतो. राजांनी कसा छळ केला ते चार पानं रंगवून लिहिलं आणि त्या ओघात शेवटी लिहून बसलो, 'अशा प्रकारे या धर्माचा ऱ्हास झाला.' विचारला होता प्रसार. मी ऱ्हास करून घरी आलो.

आमच्या शाळेतल्या पीटीच्या सरांना हे कळल्यावर ते स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणाले, "जगात एवढे कोटी ख्रिश्चन हायेत बे, त्यायले माहीतच नाई का त्यायचा ऱ्हास झाला म्हून. कळवून तरी द्यायचं."

हसण्यावारी नेण्यासारखं प्रकरण नव्हतं, तरी मी नेलं. आमच्या मेहकरच्या शाळेला अकरावी-बारावीची मान्यता मिळाली होती आणि इतिहासाच्या जागेसाठी एम.ए. लागत होतं. मुख्याध्यापकांनी मला स्पष्ट सांगितलं, "जूनपर्यंत जागा तुमच्यासाठी धरून ठेवतो. त्यानंतर जाहिरात." शिवाय विद्यापीठाच्या नियमानं माझा हा शेवटचा प्रयत्न. गेला की नोंदणीच रद्द. मग निवृत्त होईपर्यंत पाचवीचा परिसर अभ्यास आणि दुपारची खिचडी. खिचडी म्हणजे शालेय पोषण आहाराचं वाढप. ते शाळेत माझ्याकडं असतं, कारण पंगतीत वाढायचं काम मला लहानपणापासून येतं. माझ्या अंगात एवढा एकच गुण आहे याबद्दल घरात आणि शाळेत एकमत आहे.

बायको माझ्या आधी वर्षभर एम.ए. झाली. तोच पेपर, पहिल्या फटक्यात. माझी दुसरी गुणपत्रिका तिनं हातात धरली, वर-खाली पाहिली आणि म्हणाली, "तुमाले उत्तर पाठ होते, पन प्रश्नच समजत नाई."

"मग समजावून सांग ना."

"मी सांगतलं तं तुमी ऐकनार हाय का? आमच्या सरायकडं जा."

हे तिचे सर म्हणजे तिला शाळेत इतिहास शिकवणारे. आता शाळेतून निवृत्त होऊन बुलढाण्याकडं, देऊळघाटच्या रस्त्याला, एका लहानशा चर्चचे पाळक आहेत. तिनं फोन लावला. सर म्हणाले, रविवारी सकाळी पाठव, उपासनाही बघतील, त्या दिवशी आमचं प्रीतिभोजनही आहे, म्हणजे चर्चच्या सगळ्या मंडळीचं एकत्र जेवण.

रविवारी पहाटेची एसटी धरून चिखलीमार्गे मी तिथं पोचलो. पूज्य ठिकाणी मोकळ्या हातानं जाऊ नये म्हणून पिशवीत एक नारळ घेतला होता. चर्च म्हणजे कौलारू, पिवळ्या भिंतींची खोली, पुढं अंगण आणि दोन कडुलिंबाची झाडं. मी पायरीपाशी नारळ हातात घेऊन उभा राहिलो आणि फोडायची जागा शोधायला लागलो. पायरीचा दगड चांगला मजबूत दिसत होता. मी हात वर नेलाच होता, इतक्यात मागून एका म्हातारीनं माझं मनगट धरलं.

"इथं नका फोडू, बापू. चुलीकडं द्या, चटनी होईल."

नारळ तिनं माझ्या हातातून काढून घेतला आणि निघून गेली. तिच्यासाठी तो विषय संपला होता. मी मात्र उपासनेचा अर्धा वेळ खोबऱ्याचा विचार करत बसलो.

उपासना झाल्यावर सरांनी मला झाडाखाली खुर्ची दिली. सत्तरीचे, बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. मी वही काढली.

"हं जवाईबुवा, काय लिवलं होतं तुमी?" त्यांनी विचारलं. विद्यार्थिनीचा नवरा म्हणून मी त्यांचा जावई.

मी राजाश्रय सांगितला. ऱ्हासही सांगितला. त्यांनी दोन्ही शांतपणे ऐकून घेतलं. पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाला कशाचंच नवल वाटत नाही.

"तुमी राजापासून सुरुवात करता, म्हून चुकता," ते म्हणाले. "राजा बाजूला ठेवा. यरुशलेमात माडीवरच्या एका खोलीत बसलेली मूठभर भेदरलेली मानसं डोळ्यापुढं आना. त्यायचा गुरू क्रुसावर गेला, अन् आता तो उठला असं हे म्हनून राह्यले. देऊळ नाई, इमारत नाई. कोनाच्या तरी घरी जमायचं, प्रार्थना करायची, अन् एकत्र जेवायचं. सुरुवात जेवनापासून हाय."

जेवण म्हटल्यावर मी सरसावून बसलो.

पुढं त्यांनी सांगितलं की पहिली कुरकूर झाली तीही वाढण्यावरूनच. मंडळीतल्या विधवांना रोजचं अन्न वाटत असत. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना वाटलं, इथल्या विधवांना बरोबर मिळतं आणि आपल्याला टाळतात. मग प्रमुखांनी सात चांगली माणसं निवडली आणि वाढायचं काम त्यांच्याकडं सोपवलं.

"म्हणजे वाढप समिती," मी म्हणालो आणि लिहूनही टाकलं.

"समजून घ्या तसं. पन परीक्षेत समिती नका लिवू."

मग सरांच्या गोष्टीत एक तंबू शिवणारा गृहस्थ आला. हा आधी या लोकांना पकडून देत असे, मग स्वतःच त्यांच्यातला झाला आणि गावोगाव हिंडला. रोमनांचे रस्ते पक्के होते, समुद्रात जहाजं होती, बहुतेक ठिकाणी ग्रीक समजत होतं. हा माणूस नव्या गावी जायचा, तंबू शिवत पोट भरायचा, शिवता शिवता बोलायचा, चार घरं जोडायचा आणि पुढच्या गावाहून त्यांना पत्रं लिहायचा. पण यहुदी नसलेली माणसं यायला लागली तसं भांडण लागलं. यांनी आधी आपले सगळे आचार पाळावेत आणि मगच आपल्या पंगतीला बसावं, की आहेत तसे बसले तरी चालेल? अंत्युखिया नावाच्या शहरात एक मोठा प्रमुख बाहेरच्यांसोबत खुशाल जेवत होता. यरुशलेमहून कडक लोक आले तसा उठून वेगळा बसायला लागला. तंबूवाल्यानं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं.

"समजलं?" सरांनी विचारलं.

मी मान हलवली. मला समजलं नसतं तेव्हा मी फार जोरात मान हलवतो. नावं तर एका कानातून येऊन दुसऱ्यातून गेली होती.

तेवढ्यात अंगणात प्रीतिभोजनाची पंगत मांडली. साठ-सत्तर माणसं, दोन ओळी, पत्रावळ्या, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. मला पहिल्या ओळीत, जावई म्हणून सतरंजीवर बसवलं. पण वाढणारी पोरं इतकी गोंधळली होती की माझ्यानं राहवेना. एकानं बट्टी वाढायच्या आधी वरण ओतलं, आणि ते पत्रावळीवरून वाहत शेजाऱ्याच्या मांडीकडं निघालं. मी उठलो, बाह्या वर केल्या, वरणाची बादली घेतली.

त्यानंतर त्या अंगणात मी जे काही केलं त्याला कौशल्य म्हणतात, हे मला नम्रपणे नमूद करायचं आहे. बट्टीला खड्डा पाडून घ्या, वरण येत आहे, सावकाश होऊ द्या, म्हणत मी दोन्ही ओळी अशा फिरलो की म्हातारी चटणीचं पातेलं घेऊन थबकून बघायला लागली. सगळ्यांची पानं भरली. कोणीही घासाला हात लावला नाही. सरांनी डोळे मिटले, माणसांनी डोळे मिटले आणि अंगणात एकदम शांतता पसरली.

आता आमच्याकडं पानं वाढून झाल्यावर पंगत शांत झाली, की त्याचा अर्थ एकच. ती वाढप्याच्या आरोळीसाठी थांबलेली असते. आरोळी झाल्याशिवाय कोणी जेवत नाही आणि द्यायला उशीर झाला तर वाढप्याची लाज जाते. माझा गळा डोक्याला विचारायला थांबला नाही. मी बादली डाव्या हातात घेतली, उजवा ओगराळ्यासकट वर केला आणि दिली ठोकून:

"बोला, पार्वती पते..."

आणि डोळे मिटलेल्या त्या दोन ओळींतून, अर्ध्याहून जास्त माणसांनी, एका दमात, खणखणीत उत्तर दिलं, "हर हर महादेव."

मग डोळे उघडले. आधी माझे, नंतर त्यांचे. ओगराळ्यातून वरणाची धार एका माणसाच्या पायाच्या अंगठ्यावर पडत होती आणि तो बिचारा पायही मागं घेत नव्हता. शेजारच्या लिंबाच्या झाडावर चढून बसावं असं मला वाटलं, पण हातात बादली होती.

पहिल्यांदा ती म्हातारी हसली. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून. मग बायकांची पूर्ण ओळ. सर डोळे मिटूनच होते. फक्त त्यांचे खांदे हलत होते. ते हलायचे थांबल्यावर त्यांनी अन्नासाठी प्रार्थना केली आणि त्यात पाहुण्याच्या मोठ्या आवाजाबद्दलही देवाचे आभार मानले.

पण सगळेच हसले नाहीत. जेवणं झाल्यावर हात धुताना मंडळीचे एक वडीलधारे सरांपुढं येऊन उभे राहिले. राग दाबून बोलत होते. "सर, हे बरं नाई झालं. भाईर आमाले लोक म्हन्तेत, तुमी आपले नाई. आतमधी आपलं म्हनाले एवढुसं अंगन हाय. इथं तरी आपलंच पाहिजे का नाई?"

म्हातारी भांडी घासत होती. तिथूनच म्हणाली, "अन् सगळ्यात मोठ्यानं कोन वरडलं? तुमीच."

"ते निंघालं तोंडातून. गावच्या पंगतीत जन्म गेला आपला."

"मंग त्यायच्याही तोंडातून निंघालं. तीन खेपा वरन वाढलं त्या मानसानं तुमाले. मी पायलं."

"वरनाचा प्रश्न नाई हा."

"वरनाचाच हाय," म्हातारी म्हणाली आणि कढईवर राख घासायला लागली.

मी त्या गृहस्थांची हात जोडून माफी मागितली. मनापासून मागितली, कारण त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नव्हतं. त्यांनी मान हलवली, पण पूर्ण माफ केलं नाही. सर मात्र माझ्याकडं वळले. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला उत्तर दिसायला लागलं की मास्तर जसे बघतात, तसे.

"आता समजलं, भांडन काय होतं ते?"

या वेळी मी मान हळू हलवली.

"हा म्हन्ते, आत यायचं तं भाईरचं भाईर ठेवून या. ती म्हन्ते, येऊ द्या, बसू द्या, जेवू द्या. दोघायलेही मंडळीचीच काळजी हाय. तवाच्या लोकायनंही असंच बसून, भांडून, शेवटी ठरवलं का नव्या लोकायवर फार ओझं टाकू नये. थोडे नियम ठेवले, बाकी सोडले. म्हून पसरलं. सगळंच ओझं टाकलं असतं तं ते यरुशलेमच्या दोन गल्ल्यांत राह्यलं असतं, अन् तुमाले हा पेपरच आला नसता."

क्षणभर मला वाटलं, तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

परीक्षेत तोच प्रश्न आला. मी राजाला हात लावला नाही. माडीवरची खोली लिहिली, घराघरांतल्या सभा लिहिल्या, विधवांचं अन्न, आजाऱ्यांची शुश्रूषा, रस्ते, पत्रं आणि पंगतीचं भांडण दोन्ही बाजूंनी लिहिलं. छळ झाला तेव्हा माणसं गावं सोडून पळाली आणि जिथं गेली तिथं नवी घरं जोडली, हेही लिहिलं. नाव मात्र एकही आठवेना. मग सबंध उत्तरात 'तंबू शिवणारे गृहस्थ' असंच लिहीत गेलो. पुढं पुढं आदर वाढून 'तंबूवाले साहेब' झालं. दोन पुरवण्या लागल्या. बाकीच्या प्रश्नांना वेळ उरला नाही, त्यांची उत्तरं तारेसारखी तुटक लिहून मी बाहेर पडलो.

निकाल लागला त्या दिवशी बायकोनं फोनवर आधी माझा बैठक क्रमांक टाकला, मग चष्मा पुसला, मग पुन्हा टाकला. "पास हाय," ती म्हणाली. "पन काठावर."

गुणपत्रिकेची प्रत घेऊन मी मुख्याध्यापकांकडं गेलो. त्यांनी ती उन्हाकडं धरून पाहिली. जागेचं पत्र आणि अकरावीचं वेळापत्रक, दोन्ही माझ्यापुढं ठेवलं. जाहिरातीचा मसुदा तयारच होता, तो त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला.

व्हरांड्यात येऊन मी सरांना फोन लावला. पास झाल्याचं सांगितलं. त्यांना आनंद झाला, पण आधी त्यांनी उत्तर विचारलं. काय काय लिहिलं ते मी मुद्द्यानुसार सांगितलं.

"ते सात जन लिवले वाढायचे?"

"लिहिले ना सर. अर्धं पान."

"त्यातले दोघं पुढं वाढप सोडून उपदेश कराले लागले. एकजन तं त्याच पायी दगडाखाली मेला, तो पहिला हुतात्मा. ते लिवलं का?"

"नाही सर. ते राहिलं."

"मंग काठावर बरोबर हाय," सर म्हणाले.

मी वेळापत्रकाची घडी करून खिशात ठेवली आणि खिचडीच्या पातेल्याकडं गेलो. वाढायला नवीन माणूस मिळेपर्यंत तेही माझ्याकडंच राहील, असं मुख्याध्यापक पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहायला विसरले नव्हते.