बँकॉक म्हणायची लाज

सध्या मी बँकॉकच्या सहा दिवसांचा बेत आखते आहे, म्हणजे ताईच्या वहीतून उतरवून घेते आहे. माझी थोरली बहीण वारली त्याला दीड वर्ष झालं. वही तिने आधीपासून माझ्याकडेच ठेवली होती, मी विसरू नये म्हणून. दिवसाला एकच देऊळ, दुपारी खोलीवर झोप, संध्याकाळी पोटभर खाणं. धावपळच करायची तर घर काय वाईट आहे, म्हणायची. तिथल्या राजवाड्याच्या भिंतींवर रामायण रंगवलेलं आहे. आपण पंचवटीत वाढलो, मग त्यांचा राम कसा दिसतो ते बघायला नको का, असं तिचं म्हणणं. आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, सोबत आंबा.

दर वर्षी द्राक्षांचा हंगाम सरला की पिंपळगावहून तिचा फोन यायचा, "यंदा जायचं ना गं?" मी काहीतरी काढायचे. मुलाची दहावी, ऑफिसचं ऑडिट, गुडघा. खरं कारण कंटाळा. ताई कुठे पळून जाते, असं वाटायचं.

दहाव्या दिवशी गोदावरीच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर पाच-सहा बसले होते, एकही खाली उतरेना. काहीतरी इच्छा राहिली असणार, असं सगळे म्हणू लागले आणि एकेक जण हात जोडून शब्द देऊ लागला. पोरीचं लग्न थाटात करू. सासूबाईंना सांभाळू. बागेकडे बघू.

काय म्हणायचं ते मला माहीत होतं. पण तिथे तिचे सासरे होते, गुरुजी होते, गावातली माणसं होती. आमच्याकडे बँकॉक म्हटलं की पुरुष गालातल्या गालात हसतात. ताईच्या पिंडासमोर कुणी हसलं असतं तर? शिवाय शब्द दिला तर पाळावा लागेल, हेही मनात आलंच. मी पदर सावरत उभी राहिले. शेवटी ऊन चढलं आणि गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

तेव्हापासून ती माझा पिच्छा सोडत नाही. भाजी निवडताना, ऑफिसात सही करताना, पाठीमागे कुणीतरी उत्तरासाठी ताटकळलंय असं वाटतं. मी अंधश्रद्धाळू नाही. फक्त गॅलरीत कावळा बसला की आत निघून जाते.

परवा तिकिटं काढली आणि ताईच्या यजमानांना सांगायला पिंपळगावला गेले.

"भाऊजी, मी बँकॉकला चाललेय. ताईचं राहिलं होतं."

त्यांनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "त्या दिवशीबी ठाऊक होतं. तू म्हणशील म्हणून गुरुजींना दोनदा थांबवलं मी."