ठासणीची बंदूक आणि वहिनी

वहिनींना गप्प बसता येत नसे. तसा हा दोष काही जगावेगळा नाही. आमच्या जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या मराठी मंडळात बोलणाऱ्या बायकांचा दुष्काळ कधीच नव्हता. पण बाकीच्या बायका एकमेकींशी बोलत, वहिनी स्वतःच्या हातांशी बोलत. "आता मोहरी टाकली, आता कढीपत्ता, आता मीठ," असं प्रत्येक काम त्या आधी तोंडाने उरकत आणि मग हाताने. तोंडाने झालं म्हणजे हाताने झालंच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यांच्याकडची अळणी आमटी मी अनेकदा निमूट गिळली आहे.

त्यांचे यजमान, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गाड्यांच्या कारखान्यात माझ्या नवऱ्याचे वरिष्ठ. मी कोथरूडची आणि वहिनी पक्क्या कोल्हापूरच्या. "मी येतो गं," म्हणून त्या दारातून आत यायच्या आणि "मी जातो," म्हणून तासाभराने उठायच्या. एकदा माझ्यातली पुणेकरीण जागी झाली आणि मी म्हटलं, "वहिनी, येते म्हणा, जाते म्हणा." त्या चहाचा घोट घेत म्हणाल्या, "तू जाते म्हणत जा की. मी जातो." त्यानंतर मी त्यांचं मराठी सुधारायच्या भानगडीत पडले नाही.

या बाईंना हरणाची शिकार करायची होती, आणि तीही ठासणीच्या बंदुकीने. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी सारायची, गजाने ठासायची आणि मग एकच बार काढायचा, अशा जुन्या बंदुकीने. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती थट्टाच वाटली. पण त्यामागे त्यांच्या सासरचं एक जुनं दुखणं होतं. त्यांच्या आजेसासऱ्यांनी म्हणे शिकारबंदी यायच्या आधी अशाच बंदुकीने एक हरीण पाडलं होतं. दर दिवाळीला मटणाच्या ताटांवर बसून घरातले पुरुष ती गोष्ट नव्याने सांगत, आणि बायका आत भाकऱ्या थापत ती ऐकत.

"लग्न झाल्यापासनं त्या एका हरणावर मी मसाला वाटायलोय," वहिनी म्हणाल्या. "खाल्लं त्यांनी, सांगत्यात त्यांची पोरं, आणि वाटायचं मी. एक गोष्ट माझी पायजे. मी सांगणार आणि ते ऐकणार."

भारतात हे होणं शक्य नव्हतं, म्हणून इथे असेपर्यंत उरकायचं. दादांचा करार काही जन्मभराचा नव्हता. गावच्या जत्रेत जुन्या वेषातल्या नेमबाजांनी हवेत बार काढताना वहिनींनी पाहिलं होतं. त्यांच्यातल्या एका पांढऱ्या दाढीच्या आजोबांना त्यांनी तिथेच गाठलं आणि आपल्या जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. आजोबा "या, या, गेनाऊ," म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, म्हणत हसले. झालं, वहिनींना वाटलं, पुढच्या रविवारी हरीण!

दोन हजार चौदा-पंधराच्या सुमाराची ही गोष्ट. त्या रविवारची वाट आम्ही तीन वर्षं पाहिली. आम्ही म्हणते, कारण वहिनींना फ्युररशाइन, म्हणजे गाडी चालवायचा परवाना, काही मिळत नव्हता आणि माझ्याकडे तो होता. त्यामुळे त्यांच्या शिकारीची गाडी मीच हाकत होते. आधी शिकारीची परीक्षा. मग बंदुकीची दारू जवळ बाळगायचा वेगळा परवाना. त्या परवान्याच्या वर्गात बसायचं तर आधी तुम्ही सज्जन आहात असा दाखला. तो दाखला मागायला गेलं की खिडकीतल्या बाईने टेर्मीन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, आहे का विचारायचं, आणि टेर्मीन घेऊन गेलं की हे आम्ट, म्हणजे हे ऑफिस नव्हे, ते पलीकडचं, असं सांगायचं. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसायची. वहिनी शेजारी बसून भडंगाची पुडी सोडायच्या आणि म्हणायच्या, "खा. रागावर तिखट बरं असतं."

परीक्षेत काय नव्हतं? झाडांच्या जाती, कुत्र्यांच्या जाती, हरणाचे दात बघून वय सांगणं, रोग ओळखणं, आणि हे सगळं जर्मनमध्ये. गाडीत मी प्रश्न विचारायची आणि त्या उत्तरं द्यायच्या. नाव आठवलं नाही की त्या हाताने शिंगं करून दाखवत. पहिल्यांदा त्या नापास झाल्या तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "तुला सुटल्यासारखं वाटतंय, मला फसल्यासारखं. चल, पुस्तक काढ." दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. दादांनी मंडळात पेढे वाटले आणि कोणी विचारलं की "अहो, हिचा जर्मनचा अभ्यास चाललाय," एवढंच सांगितलं.

खरा छळ पुढे सुरू झाला. आजोबांच्या नेमबाजी क्लबच्या मैदानावर ठासणीची बंदूक भरणाऱ्याशी कोणी बोलायचं नाही, हा तिथला कडक नियम. बोलण्याच्या नादात माणूस दारू घालायला विसरतो आणि नुसतीच गोळी ठासून बसतो. मग बार उडत नाही आणि गोळी स्क्रूने ओढून काढावी लागते. वहिनींशी कोणीच बोलत नसे. पण त्या स्वतःशी बोलत, त्याला नियमात काही इलाज नव्हता. "ही दारू घातली, हे फडकं ठेवलं, ही गोळी बसवली," असं म्हणत त्या मनापासून गज मारायच्या. मग दारू पेटवणारी इवलीशी टोपी चढवायची, नेम धरायचा, घोडा पडायचा आणि फट्. दारूची नळी भरलेलीच लाकडी ठोकळ्यात उभी असायची. आजोबा स्क्रू घेऊन यायचे. गोळी उपसून झाली की ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, "काइन वोर्ट." एक शब्दसुद्धा नाही.

"मी कुठं बोललो?" वहिनी मलाच विचारायच्या.

मी चिडायची, फार चिडायची. घरी पोर आजारी असताना, नवऱ्याशी भांडून, थंडीत कानटोपी घालून मी त्या मैदानावर उभी राहायची ते हे फट् ऐकायला? एकदा मी त्यांना सुपारी तोंडात धरायला लावली. त्या सुपारीसकट बोलल्या. पण ज्या दिवशी दारू जायची त्या दिवशी काय नेम लागायचा! कागदावरच्या हरणाचं काळीज जिथे काढलेलं असे, तिथेच भोक. आजोबा टोपी काढायचे. म्हणून तर सोडवत नव्हतं. बाईच्या हातात होतं सगळं. आड येत होतं ते तिचं तोंड.

आणि मग आजोबांनी एक दिवस सहज सांगितलं की जर्मनीत या बंदुकीने हरीण मारायची परवानगी नाही. इथे फक्त कागदावर. तीन वर्षांनी! मी गाडीत येऊन रडले. वहिनी बाहेर उभ्या राहून आजोबांना उलटसुलट विचारत होत्या. त्या आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हंगेरीत चालतंय म्हणं. लांब आहे का गं?"

लांब होतं. त्यातच दादांची बदली पुण्याला ठरली. डिसेंबरात सामान जाणार होतं. म्हणजे नोव्हेंबरातली एक सकाळ, एक मचाण आणि ओळखीतून मिळालेला एक हंगेरियन वाटाड्या, एवढंच उरलं होतं. आता नाही तर कधीच नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. त्यामुळे सबंध प्रवासात मी त्यांना एकच गोष्ट पढवत होते. वहिनी, भरताना नाही, धरताना नाही, एक शब्द नाही.

आणि त्यांनी ते केलं. पहाटेच्या धुक्यात वहिनींनी ओठ घट्ट मिटून बंदूक भरली. दारू घातलेली मी डोळ्यांनी पाहिली. फडकं, गोळी, गज, टोपी. आम्ही मचाणावर बसलो. पाय बधिर झाले, नाक वाहू लागलं, आणि वहिनी गप्प. असं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा अभिमान वाटला.

उजाडता उजाडता झाडीतून एक हरिणी बाहेर आली. आडवी उभी राहिली, चाळीसेक पावलांवर. वाटाड्याने होकाराची मान हलवली. वहिनींनी बंदूक खांद्याला लावली, घोडा मागे ओढला, गाल टेकवला. मी श्वास रोखला.

"आली बघ गं!" वहिनी म्हणाल्या.

कुजबुजल्याच होत्या, पण कोल्हापुरी कुजबुज ती. हरिणीने मान वर केली आणि पुढच्या क्षणी तिथे नुसतं गवत हलत होतं. वाटाड्याने टोपी तोंडावर ओढून घेतली. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "अहो, दोन श्वास गप्प राहता आलं नाही?"

"अगं, इतकी वाट बघितलेली दारात आली," त्या म्हणाल्या, "तर तोंडातनं शब्द निघत न्हाई व्हय?" त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मी पुढचं गिळलं.

दुपारपर्यंत बसलो. काही आलं नाही. भरलेली ठासणीची बंदूक गाडीत ठेवता येत नाही. बार काढूनच ती रिकामी करावी लागते. वाटाड्याने समोरच्या मातीच्या बांधावर एक ओकचं पान काडीने टोचलं, तेवढ्याच अंतरावर. वहिनींनी नेम धरला. दणका झाला, पांढरा धूर पसरला आणि बराच वेळ हलला नाही. धूर विरला तेव्हा पानाच्या जागी भोक होतं.

"गोळी तिच्या खांद्यामागं बसली असती न्हवं?" वहिनींनी विचारलं.

"बसली असती," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

डिसेंबरात ते गेले. बंदूक आजोबांच्या क्लबात राहिली. वहिनी पुण्याहून फोन करायच्या, पण शिकारीचा विषय आम्ही दोघीही टाळायचो. पुढच्या दिवाळीत सासरहून त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी उचलला तर पडद्यावर त्यांच्या सासूबाई. मागे पुरुषांची पंगत बसलेली, हात ताटात थांबलेले.

"पोरी, तू हुतीस न्हवं तिथं?" त्या आजी म्हणाल्या. "सूनबाई सांगायलीया, हरीण पाडलं म्हणून. ठासणीच्या बंदुकीनं. ह्यांना खरं वाटंना. थापा मारतीया म्हणत्यात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला न विचारता थाप मारायची, वर साक्षीलाही मलाच उभं करायचं! आजींच्या खांद्यावरून मला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. तिथे वहिनी हातात पळी धरून उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

"हो आजी," मी म्हणाले. "माझ्यासमोर. एका गोळीत."

आजींनी फोन तसाच हातात धरून मान वळवली. "ए, सरका की जरा," त्या पंगतीला म्हणाल्या. "सूनबाईला बसाय जागा करा."